पहिली ऑडिशन: धाकधूक घेऊन आत कसं जायचं

कॉलेज सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच नोटीस बोर्डावर कागद लागतो: एकांकिकेसाठी ऑडिशन, शनिवारी दुपारी चार वाजता, अमुक वर्ग. पुण्यात ही घाई जरा जास्तच असते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवत असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात सुरू होते आणि तोवर एकांकिका उभी राहिलेली असावी लागते. मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडे महिने थोडे पुढेमागे, पण चित्र तेच. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी हौशी मंडळं आणि गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धेची तयारी करणारे गावोगावचे गटही दरवर्षी नवे चेहरे शोधत असतात.

नाव द्यावं की नको, अशा घालमेलीत त्या कागदासमोर उभ्या असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. निवड करणाऱ्यांच्या बाकावर मी बरीच वर्षं बसत आले आहे. तिथून जे दिसतं ते समोर उभ्या असलेल्याला कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. धाकधूक घालवायच्या मागे लागू नका. ती जात नाही, अनुभवी नटांचीही जात नाही. पण ती पोसली जाते न ठरवलेल्या गोष्टींवर. कुठे उभं राहायचं, कुणाकडे बघायचं, वाक्य विसरलं तर काय करायचं, हे ऐन वेळी ठरवायला गेलात की हातपाय गळतात. म्हणून पुढची प्रत्येक पायरी म्हणजे आधी ठरवून ठेवायची एकेक गोष्ट आहे.

आधी शरीराचं समजून घ्या

नाव पुकारलं जायच्या बेतात असलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अॅड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, लाळ कमी होऊन तोंडाला कोरड पडते, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं म्हणून पोटात गोळा येतो, बोटं थरथरतात. यातलं काहीही तुम्हाला अभिनय येत नसल्याची खूण नाही. शरीर कामाला लागलं आहे, इतकंच. बहुतेकांच्या बाबतीत याचा जोर आत जाण्याच्या जरा आधी आणि बोलायला सुरुवात केल्यावरच्या पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त असतो, मग तो आपोआप उतरू लागतो. म्हणजे निभावून न्यायची आहे ती सुरुवात.

दुसरी गोष्ट: तुम्हाला वाटतं तितकं ते बाहेर दिसत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांना भाषणं करायला लावून हे तपासलं. ‘तुमची घबराट ऐकणाऱ्यांना तुम्हाला वाटते त्याहून खूपच कमी दिसते’ एवढं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. बाकावर बसून मी याची खात्री देते. बाहेर आल्यावर ‘माझे पाय लटलट कापत होते’ म्हणणाऱ्या मुलामुलींचे पाय आम्हाला बहुतेक वेळा दिसलेलेच नसतात. दिसतात ते हात, त्यातही हातातला कागद. त्यावर पुढे बोलूच.

पहिली पायरी: चौकशी करा

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नोटिशीवर ज्याचा नंबर आहे त्याला विचारा: स्वगत पाठ करून यायचं आहे, की तिथे संहिता देऊन नाट्यवाचन करून घेणार? किती मिनिटं? मराठीच हवं, की बोली चालेल? गाणं किंवा हालचाल बघणार का? इम्प्रोव्हायझेशन असेल का? साधारणपणे कॉलेजात ओळख, दोनेक मिनिटांचं स्वगत, थोडं वाचन आणि एखादा प्रसंग उत्स्फूर्तपणे करायला लावणं असा क्रम असतो. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय अशा ठिकाणी प्रवेशासाठी जायचं असेल, तर त्या वर्षीचं माहितीपत्रक ओळन् ओळ वाचा. कोणते उतारे, किती आणि किती वेळाचे, हे तिथे ठरवून दिलेलं असतं.

ऑडिशनसाठी पैसे मागितले, किंवा एकट्याला कुणाच्या घरी बोलावलं, तर जाऊ नका. मंडळ खरं असेल तर हॉल, वर्ग किंवा तालमीची जागा सांगतं, आणि सोबत मैत्रीण आणू का असं विचारलं तर हरकत घेत नाही.

दुसरी पायरी: उतारा निवडा

नवखे इथेच सगळ्यात जास्त अडखळतात. गाजलेलं स्वगत घेतात, तेही म्हाताऱ्या, उद्ध्वस्त माणसाचं, आणि शेवटी रडतात. त्या स्वगताबरोबर एका मोठ्या नटाचा आवाज आमच्या कानात आधीच बसलेला असतो, त्याच्याशी तुम्हाला उगाच झुंजावं लागतं. शिवाय रडण्याचे आणि ओरडण्याचे उतारे घाबरलेल्या घशाला सगळ्यात अवघड. घसा आवळलेला असतो, आवाज चिरकतो, आणि चिरकला की धीर सुटतो.

आपल्या वयाच्या आसपासचं पात्र घ्या. समोर कुणीतरी आहे आणि त्याच्याकडून काहीतरी हवं आहे असा उतारा शोधा: वडिलांकडे फीचे पैसे मागणारा मुलगा, घरमालकाला आणखी एक महिना थांबायला विनवणारी बाई, मित्राला जाब विचारणारी मुलगी. अशा उताऱ्यात घाईला, अडखळण्याला, हातांच्या चुळबुळीला जागा असते. छातीतली धडधड पात्राच्या कामी येते. शांत, चिंतनशील स्वगतात तीच धडधड आडवी येते. मध्ये एकदा मनःस्थिती पालटणारा उतारा मिळाला तर फारच छान, कारण दोन मिनिटांत तुमच्यातल्या दोन गोष्टी दिसतात.

आणि भाषेबद्दल. मराठवाड्यातून, कोकणातून, खानदेशातून, विदर्भातून पुण्या-मुंबईत आलेल्या मुलांची निम्मी धास्ती ‘आनी-पानी’ची असते. न-ण, श-स यांवरून कुणीतरी हसेल, ही भीती अभिनयाच्या भीतीपेक्षा मोठी झालेली मी पाहिली आहे, आणि त्या भीतीने उत्तम मुलं मागच्या मागे निघून जातात याचा मला संताप येतो. बोली हा दोष नाही. तुमच्या बोलीतला एक उतारा तयार करा आणि प्रमाण भाषेतला एक छोटा परिच्छेद वाचायचा सराव ठेवा. पहिला तुमचा ताबा दाखवतो. दुसऱ्यातून कळतं की गरज पडली तर तुम्ही तेही शिकू शकता. आजच्या एकांकिकांमध्ये अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारी पात्रं भरपूर असतात, आणि ती बोली अस्सल बोलणारं माणूस सहजी मिळत नाही. उच्चारांवर मेहनत जरूर करा, रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, ‘चटईला टाचणी टोचली’ आधी सावकाश आणि मग भरभर म्हणा. पण ऑडिशनच्या दिवशी स्वतःचा उच्चार तपासत बोलू नका, नाहीतर वाक्यातला जीव जातो.

तिसरी पायरी: पाठांतर असं करा की धक्क्याने हलणार नाही

नुसतं घोकलेलं पाठांतर घरी उत्तम चालतं आणि बाहेर गळून पडतं. प्रत्येक वाक्यानंतर पुढचं वाक्य का येतं, ते पेन्सिलीने समासात लिहा: ‘इथे तो हसतो म्हणून ही चिडते’, ‘इथे हिला आईची आठवण येते’. शब्द निसटला तरी हा धागा हातात राहतो. मग कपड्यांच्या घड्या घालताना, भांडी घासताना, बसमध्ये, कसलेही भाव न आणता, एका सुरात भरभर म्हणून बघा. दुसरं काम करताना कुठे अडखळता ते कळलं की तेवढीच जागा पक्की करा. पहिली दोन वाक्यं मात्र इतकी पक्की हवीत की झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत, कारण धडधडीचा सगळा जोर तिथेच असतो.

आरशासमोर तालीम करू नका. आरसा तुम्हाला स्वतःकडे बघायला शिकवतो, आणि ऑडिशनमध्ये नेमकं तेच नको असतं. माणसांसमोर करा. आई भाजी निवडत असताना, होस्टेलच्या खोलीत तिघे मोबाइल बघत बसलेले असताना, कुणाचंच लक्ष नसताना सुरू करा आणि शेवटपर्यंत न्या. त्यातून लाज मोडते, आणि लाज मोडणं हीच निम्मी तयारी आहे.

आणखी एक उपाय मी सगळ्यांना करायला लावते. जिन्याचे दोन-तीन मजले झपाझप चढा, वर पोहोचल्याबरोबर, दम लागलेला असतानाच स्वतःचं नाव सांगा आणि पहिलं वाक्य घ्या. छाती धडधडत असताना बोलता येतं हे शरीराला एकदा कळलं की ऑडिशनच्या दिवशीची धडधड ओळखीची वाटते. (दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर अर्थातच हे करू नका.)

चौथी पायरी: त्या दिवशीचं खाणं, पाणी, आवाज

यात फार गुंतू नका. दोनेक तास आधी पोहे, पोळी-भाजी असं साधं खा. रिकाम्या पोटी हात जास्त थरथरतात आणि तेलकट वडापाव ऐन वेळी घशाशी येतो. चहा-कॉफी नेहमीइतकीच, धीर यावा म्हणून वाढवू नका, कॅफिनने धडधड वाढते. कोमट पाणी घोट घोट घ्या. खडीसाखर किंवा ज्येष्ठमध तोंडात ठेवायची पद्धत चांगली आहे, फक्त आत जाण्याआधी तोंड रिकामं करा. आवाज तापवण्यासाठी ओरडू नका, ओठ मिटून हलक्या पट्टीत ‘म्’चा गुंजारव पाच मिनिटं केला तरी पुरे. हात थरथरू नयेत म्हणून ‘बीटा ब्लॉकर’ गोळी घ्यायचा सल्ला हल्ली कुणीतरी देतो. ती रक्तदाब आणि हृदयाची औषधं आहेत, दमा असलेल्यांना धोक्याची ठरू शकतात. मित्राने दिली म्हणून घेऊ नका.

पाचवी पायरी: बाहेर थांबलेला वेळ

वर्गाबाहेरचा व्हरांडा ही सगळ्यात अवघड जागा. आतून कुणाचा तरी खणखणीत आवाज ऐकू येतो, बाहेर आलेला म्हणतो ‘फार कडक आहेत’, आणि मनातल्या मनात तुम्ही घरी निघून जाता. दारापासून लांब उभे राहा. दुसऱ्याची ऑडिशन ऐकून तुमच्या हाती काहीच लागत नाही.

सगळे सांगतात, ‘दीर्घ श्वास घे’. मग मुलं छाती फुगवून एकामागून एक मोठे श्वास घेतात आणि त्यांना चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, कारण जास्त श्वसनाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. भर द्यायचा तो श्वास सोडण्यावर. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास आत घ्या आणि सहा ते आठ मोजत, ओठ किंचित उघडे ठेवून, सावकाश सोडा. असं तीन-चार मिनिटं. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती खरोखर खाली येते. खांदे एकदा कानांपर्यंत वर उचलून सोडून द्या, जबडा सैल करा, जीभ गालांच्या आतून फिरवा म्हणजे लाळ सुटेल.

‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावून उपयोग होत नाही, कारण शरीर शांत नाही हे तुम्हाला कळत असतं. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना अधिक पटली. मराठीत तुम्हाला जे शोभेल ते म्हणा. ‘चला, माझा नंबर येतोय’ हेही चालेल.

सहावी पायरी: दारापासून पहिल्या वाक्यापर्यंत

हे थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक गोंधळ याच अर्ध्या मिनिटात होतो.

नाव पुकारलं जातं. मुलगी आत येते. खांद्यावर सॅक, हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. सॅक कुठे ठेवावी कळत नाही म्हणून ती खांद्यावरच राहते. चालता चालताच ती नाव सांगते, त्यामुळे आडनाव पुटपुटल्यासारखं येतं, आम्ही ‘काय?’ विचारतो आणि ती दचकते. मग उभी राहते ती भिंतीला चिकटून, आमच्यापासून शक्य तितकी लांब, आणि लगेच सुरू करते. पहिलं वाक्य अर्धं गिळलेलं असतं. ही मुलगी चांगली असते! पण ते कळायला आम्हाला दीड मिनिट लागतं आणि तोवर तिचं स्वगत संपत आलेलं असतं.

आता हेच ठरवून करा. सामान बाहेर मैत्रिणीकडे द्या, नाहीतर आत शिरताच दाराशी खाली ठेवा. चालत खोलीच्या मध्यावर या, पहिल्या बाकापासून चार-पाच पावलं दूर, उजेड चेहऱ्यावर येईल असं. थांबा. पूर्ण थांबल्यावर नाव, वर्ग आणि काय सादर करणार ते सांगा, बाकावरच्या माणसांकडे बघून. मग नजर त्यांच्यावरून काढून त्यांच्या डोक्यांच्या जरा वर, मागच्या भिंतीवर एक जागा पकडा. ज्या पात्राशी बोलायचं ते तिथे आहे. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून स्वगत म्हणू नका, आम्ही काही लिहायला मान खाली घातली की तुम्हाला वाटतं संपलं सगळं. आम्ही बहुतेक वेळा तुमचं नावच लिहीत असतो.

गुडघे ताठ आवळून उभे राहिलात तर पाय कापतात, ते किंचित सैल सोडा आणि दोन्ही पावलांवर सारखं वजन द्या. एक उच्छ्वास. मग पहिलं वाक्य. ही मधली शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, आम्हाला ती बरी वाटते, कारण मागच्या उमेदवारातून आम्ही बाहेर येत असतो.

वाचन असेल तर सुटा कागद हातात धरू नका. बोटांची बारीक थरथर कागदाच्या टोकाला जाऊन फडफड होते आणि ती मात्र सगळ्यांना दिसते. परीक्षेचं पॅड किंवा जाड फाइल घेऊन जा, कागद त्यावर ठेवा, छातीच्या जरा खाली धरा. अंगठा ओळीवरून सरकवत राहा, म्हणजे वाक्याच्या शेवटी मान वर करून समोरच्याकडे बघता येतं आणि परत आल्यावर ओळ शोधावी लागत नाही. वाचायला मिळालेल्या प्रवेशातल्या नावांचे आणि अवघड शब्दांचे उच्चार आधी विचारून घ्या, आणि ‘एक मिनिट बघू का?’ असं म्हणायला संकोचू नका.

सातवी पायरी: विसरलात तर

विसराल, असं धरूनच चाला. काय करायचं ते मात्र आत्ता ठरवा. जीभ चावायची नाही, ‘शिट्’ म्हणायचं नाही, ‘सॉरी, परत घेते’ लगेच नाही. थांबा, श्वास सोडा, पात्राचा राग किंवा विनवणी तशीच ठेवून भिंतीवरच्या त्या जागेकडे बघत राहा. वाक्य बहुधा परत येतं. नाही आलं तर समासात लिहिलेला धागा आठवा आणि स्वतःच्या शब्दांत पुढे जा, मूळ संहिता आमच्या हातात क्वचितच असते. तेही जमलं नाही तर स्वच्छ सांगा: ‘मी मागच्या वाक्यापासून घेते.’ ब्लँक झालेल्या उमेदवाराला आम्ही त्या कारणाने सहसा काढत नाही. तो त्या क्षणी पात्रात राहिला का, हे बघतो. प्रयोगात असं होणारच आहे आणि तेव्हा तो काय करेल, हे आम्हाला तिथे कळतं.

ब्रिटिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए १९६० च्या दशकात, कीर्तीच्या शिखरावर असताना, रंगमंचावर जायलाच घाबरू लागले होते आणि ती भीती काही वर्षं टिकली. त्या काळात ते एका सहकलाकाराला विंगेत आपल्याला दिसेल असं उभं राहायला सांगत. भिंतीवरची ती जागा तुमच्यासाठी हेच काम करते.

आठवी पायरी: ‘आता हेच वेगळं करून दाखव’

हे ऐकलं की नवख्यांचा चेहरा उतरतो. त्यांना वाटतं, चुकलं म्हणून परत करायला लावलं. नाही. ज्याच्यात रस नसतो त्याला आम्ही ‘ठीक आहे, थँक यू’ म्हणतो. ‘हेच हसत हसत कर’, ‘समजा तो झोपलाय आणि त्याला उठवायचं नाहीये, आता बोल’, अशी सूचना येते तेव्हा आम्ही बघत असतो की तू दिग्दर्शकाचं ऐकतोस का, ऐकून बदलतोस का. पहिलं जपून ठेवण्याचा प्रयत्न करू नका, ते टाकून द्या आणि सूचनेबरोबर जा, फसलं तरी चालेल. सूचना कळली नाही तर विचारा. इम्प्रोव्हायझेशनमध्येही विनोदी वाक्य सुचलं पाहिजे असं काही नाही. समोरचा काय बोलतोय ते ऐका आणि त्याला उत्तर द्या. नव्या मुलांमध्ये ऐकणारा नट इतका कमी सापडतो की तो लगेच डोळ्यांत भरतो.

बाहेर आल्यावर

शेवटचं वाक्य संपल्यावर दोन क्षण तसेच थांबा, मग मान हलवा, सामान उचला आणि या. ‘आज तब्येत बरी नव्हती’ वगैरे सांगू नका. त्याच संध्याकाळी वहीत लिहून काढा: कोणता उतारा, कुठे अडलं, कोणती सूचना मिळाली, वाचायला काय दिलं. दोन-चार ऑडिशन झाल्या की या नोंदींतून तुमच्या सवयी दिसतात आणि पुढच्या वेळी काय ठरवून जायचं ते कळतं.

यादीत नाव नसेल तर त्याचा अर्थ तुमचा अभिनय वाईट असाच नसतो. कधी भावाच्या भूमिकेसाठी उंची जुळत नाही, कधी पात्रंच चार असतात आणि आलेली मुलं साठ. निकालाची तारीख उलटून दोन दिवस झाले तरी काही कळलं नाही तर एकदा मेसेज करा, आणि त्याच मेसेजमध्ये विचारा: बॅकस्टेजला कुणी हवं आहे का? प्रॉम्प्टिंग (विसरलेलं वाक्य आडून सुचवणं), प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळणं), संगीताची साथ यांसाठी माणसं नेहमी कमी पडतात. तालमीत रोज बसणाऱ्याला सगळ्यांची वाक्यं पाठ होतात, आणि ऐन वेळी कुणी आजारी पडलं की दिग्दर्शक आधी तिकडेच बघतो.